पाण्याखालचा जिना

हॉइटच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर जो विश्वास ठेवील, त्याने मासे सोडावेत आणि कोंबड्या पाळाव्यात. धक्क्याला बोट लावली की प्रत्येकाने त्या फळ्यावर खडूने लिहायचं, नाव काय, ट्राउट किती मिळाले, किती खोलीवर, कुठे. त्यातलं नाव खरं आणि आकडा खरा. खोली आणि जागा मात्र अशी ठोकून द्यायची, की वाचणाऱ्याचा अख्खा रविवार फुकट जावा. खरी जागा लिहिणारा माणूस सेनेका तळ्यावर आजवर कोणी पाहिला नव्हता, आणि पाहायची कोणाची अपेक्षाही नव्हती.

जूनमधल्या त्या शनिवारी, सूर्य उगवायच्या बेतात असताना, इर्मा त्या फळ्यासमोर उभी राहून कालच्या थापा वाचत होती. एरवी ती वाचून हसली असती. आज ती हसली नाही, कारण आज ती खरं बोलणार होती. फळ्यावर नव्हे, भावाशी.

एकोणपन्नास वर्षांची बाई. नवरा, लायल केसलर, जाऊन चौदा महिने झाले होते आणि मूलबाळ नव्हतं. तिच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि ती तिने पंचवीस वर्षं ओठांवर येऊ दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी तिने ती मूठ आवळून धरली होती. नवऱ्यासमोरसुद्धा उघडली नव्हती.

तिच्या वडिलांचं, एमेट व्हॅन ॲल्स्ट यांचं सगळं काही थोरल्या क्लेटनला मिळालं. उतारावरचे द्राक्षांचे मळे, घर, धक्का, बोट, सगळं. इर्माच्या लग्नाच्या आदल्या दिवशी म्हातारा तिला पिंपांच्या कोठीमागे घेऊन गेला होता. "क्लेटनला जमीन," तो म्हणाला होता, "आणि तुला तळं. त्याला मळा सांभाळता येईल, पण हात तुझाच आहे, पोरी." मग त्याने तिला ट्राउटची जागा सांगितली, खुणांसकट. आजीच्या बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कोणाला सांगणार नाही. भावाला नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही. आईचा मोत्यांचा सर धाकट्या मावशीकडे गेला, चांदीचे चमचे क्लेटनच्या बायकोकडे गेले, इर्माने हूं की चूं केलं नाही. बापाने आपल्यालाच निवडलं होतं. मोत्यांना काय चाटायचंय?

आता क्लेटनने फोन केला होता. जूनच्या दुसऱ्या शनिवारी व्हॅन ॲल्स्टांचा सगळा गोतावळा हिरवळीवर जमतो, चाळीसेक माणसं, आणि ताटात ट्राउट पाहिजेच. गेली तीन वर्षं क्लेटनला धड मासा मिळाला नव्हता. "वेलींची छाटणी करून करून बोटं मेलीयत माझी," तो फोनवर म्हणाला होता. "काही लागत नाही हाताला. तू ये ना, इर्मे." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला बापाच्या बोटीत बोलावलं होतं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात बसून रडली. बिचारा, तिला वाटलं. रिकाम्या हाताने परत येतो आणि मी इतकी वर्षं जागा दाबून बसलेय. आता बाप नाही, नवरा नाही. शपथ कोणासाठी पाळायची?

"फळा पाठ करतेस काय?" मागून आवाज आला. क्लेटनचा शाळेपासूनचा दोस्त फ्लॉइड, कॉफीचा थर्मास काखेत मारून उतरत होता. टपाल वाटण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे प्रत्येकाच्या घरातलं त्याला थोडं थोडं ठाऊक असायचं आणि पोटात काही राहायचं नाही. "बघ, काल मी लिहिलंय. साठ फूट, मिठाच्या कारखान्यासमोर. तिथे मासा तर सोड, बेडूकसुद्धा आत्महत्या करायला जात नाही."

"तू चार पकडलेस का खरंच?"

"आकड्याबद्दल मी खोटं बोलत नाही. माझीही काही इभ्रत आहे."

क्लेटन आधीच बोटीत बसून इंजिनाशी खटपट करत होता. त्याने हात देऊन तिला आत घेतलं. हात राठ झाला होता, बोटं अर्धवट वळलेली. "बस तिथे, पेटीपाशी," तो म्हणाला. "आजपासून ती तुझी."

पेटी म्हणजे बापाचीच. जुन्या चावीच्या ग्रामोफोनची कर्ण्याशिवायची पेटी. तबकडीच्या जागी लाकडी चाक आणि चाकावर चारशे फूट तांब्याची तार. तार हाताने ओढायची आणि ढील पडली की स्प्रिंग ती आपोआप गुंडाळून घेते. तारेच्या टोकाला नायलॉनचा दोरा आणि दोऱ्याला घरी ठोकून केलेला पितळी चमचा, त्याला गळ. तांबं स्वतःच्या वजनानेच बुडतं, वेगळं शिसं लागत नाही. बोट हळूहळू चालत राहते आणि माणूस बोटीच्या काठावर हात टेकून तार पुढे ओढतो, सोडतो, ओढतो, सोडतो. शंभर फूट खाली चमचा तळाला टेकला की तारेतून बोटांना एक बारीक ठक कळते. ज्याला ती ठक कळते तोच तांबं ओढू शकतो. बाकीच्यांनी किनाऱ्यावर बसून पर्चसारखे चिल्लर मासे पकडावेत.

इर्माला ती ठक दहाव्या वर्षी कळली होती. तेव्हा बोटीला इंजिन नव्हतं, वल्ही होती आणि वल्ही तिच्या हातात असायची. बाप तार ओढायचा. "माझ्या हाताकडे बघ," तो म्हणायचा. "नजर हलली की वेग हलतो." मग ती पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत बापाच्या मनगटाकडे बघत वल्हवायची, डोकं वर करायची नाही. एकदा, एकदाच, त्याने तार तिच्या बोटांत दिली होती. "सांग काय लागतंय." तिने डोळे मिटले. ठक. मग पाच ओढी गेल्या आणि पुन्हा एक ठक, जास्त खोल. मग काहीच नाही, नुसती पोकळी. "जिना आहे," ती म्हणाली होती. "दोन पायऱ्यांचा." बाप तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला होता. "क्लेटनला हे महिनाभर शिकवतोय," तो म्हणाला. त्या दिवसाइतका आनंद तिला नंतर लग्नातही झाला नव्हता.

बोट धक्क्यापासून सुटली. पाणी शांत होतं, पश्चिमेकडच्या मळ्यांवर उजेड पडला होता. धक्क्यावरच्यांना चकवायला क्लेटनने नेहमीप्रमाणे आधी दक्षिणेकडे तोंड वळवलं.

"थांब," इर्मा म्हणाली. "क्लेटन, मला तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. पपांनी मला लग्नाच्या आदल्या दिवशी जागा सांगितली होती. त्यांची जागा. मी शपथ घेतली होती म्हणून बोलले नाही. लायललासुद्धा सांगितलं नाही. पण आता पुरे झालं. आपण तिथे जाऊ या."

क्लेटन सुकाणू धरून तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, त्याला धक्का बसलाय. तिला त्याची कीव आली.

"उत्तरेला घे," ती म्हणाली. "चर्चचा सुळका त्या पांढऱ्या कोठाराच्या छपरावर येऊ दे. बरोबर मधोमध. मग किनाऱ्यावरची दुसरी घळ नजरेसमोर उघडली की तार सोडायची."

पुढे बसलेल्या फ्लॉइडला कॉफीचा ठसका लागला. तो इतका खोकला, की बोट हलली. "क्लेटन," तो डोळे पुसत म्हणाला, "तू सांगतोस की मी सांगू?"

"तोंड बंद ठेव, फ्लॉइड."

"नाही, म्हणजे, पंचवीस वर्षं..."

"बंद ठेव म्हटलं ना."

क्लेटनने बोट निमूटपणे उत्तरेला वळवली. सुळका छपरावर आला, घळ उघडली, इर्माने तार सोडली. चाक करकरत फिरलं. नव्वद फुटांवर तिला तळ लागला, नेहमीसारखाच, मऊ, गाळाचा. एक पायरी. दुसरी नव्हतीच. ती पायरी तिला पंचवीस वर्षांत कधी सापडली नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात तिने बापाला विचारलं होतं, पपा, तिथे दुसरी ठक का लागत नाही? म्हातारा म्हणाला होता, "लग्न झालं की बायकांचा हात बदलतो. भांडी घासून बोटं मठ्ठ होतात." तिने ते मान्य केलं होतं. मनाशी म्हटलं होतं, गेला आपला हात. जेवढा उरला तेवढ्यावर भागवू.

वीस मिनिटांनी एक मासा लागला. दीड-दोन पौंडांचा. तिथे तसेच लागायचे. फ्लॉइडने हातजाळीने तो वर घेतला आणि तिच्याकडे न बघता बर्फाच्या डब्यात टाकला.

"छान आहे," तो म्हणाला. त्या आवाजात इतकी दया होती, की इर्माने तार ओढायची थांबवली.

"काय झालंय?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं असे का बसलायत? कोणी मेलंय का?"

इंजिन फुरफुरत होतं. मग फ्लॉइडच बोलला, कारण त्याच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. "इर्मा, अगं, ही पाहुण्यांची जागा आहे."

पाहुण्यांची जागा म्हणजे काय हे तळ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घराची एक असते. कोणी मागेच लागला, नवा पाद्री म्हणा, शहरातून आलेला व्याही म्हणा, तर त्याला तिथे न्यायचं. कानात खुणा सांगायच्या, शपथ घालायची, दोन बारके ट्राउट पकडू द्यायचे. पाहुणा खूश होऊन घरी जातो आणि घरची जागा घरातच राहते.

"खोटं," इर्मा म्हणाली.

"तुझ्या वडिलांनी मला १९४९ साली दाखवली," फ्लॉइड म्हणाला. "बायबल नव्हतं हाताशी, तेव्हा पंचांगावर हात ठेवायला लावला होता."

आणि मग तिला त्या सगळ्या बोटी आठवल्या. दर बुधवारी, लायल कामावर गेला की ती एकटी आपली छोटी बोट घेऊन इथे यायची आणि कधीमधी कोणी ना कोणी आधीच इथे घुटमळत असायचं. पाद्री. दातांचा डॉक्टर. उन्हाळ्यापुरती येणारी ती फिलाडेल्फियाची जोडी. तिला वाटायचं, वाट चुकलेत बिचारे. त्यांना संशय येऊ नये म्हणून ती तार गुंडाळून मैलभर लांब जायची आणि ते निघून जाईपर्यंत तिथे उगाच फेऱ्या मारत राहायची. दातांचा डॉक्टर तर तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचा. ती मनात म्हणायची, हा माणूस जरा चक्रमच दिसतो.

"क्लेटन," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

क्लेटन सुकाणूकडे बघत होता. "पपांनी मला तुझ्या लग्नानंतर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की तुला ही दिलीय. म्हणाले, मुलगी दुसऱ्याच्या बोटीत चाललीय. आणि बोट कोणाची, तर केसलरांची. जिना केसलरांच्या हातात गेला तर दोन उन्हाळ्यांत रिकामा करतील. तुला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी द्यायला हवं होतं." त्याने मान वर केली. "तू खूश होतीस ना, इर्मे. इतकी खूश दिसायचीस. कसं सांगणार?"

"पपा जाऊन वीस वर्षं झाली."

"हो."

"वीस वर्षांत सांगता आलं नाही?"

"आज सांगू, उद्या सांगू," क्लेटन म्हणाला. "राहून गेलं."

राहून गेलं. दुधाची बाटली दारात राहून जावी तसं. इर्माला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यावरच कुठेतरी अडकलं. बापाने तोंडाला पानं पुसली ती पुसली, ती बायबलवर हात ठेवायला लावून पुसली. जी जागा दातांच्या डॉक्टरला ठाऊक, ती तिने स्वतःच्या नवऱ्यापासून लपवली. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात लायलने एकदा विचारलं होतं, "कुठे पकडलास गं हा?" ती म्हणाली होती, "ते विचारायचं नाही." त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. चोवीस वर्षं तिने दर बुधवारी मासा ताटात वाढला आणि त्याने मुकाट्याने खाल्ला. दोघांच्या मध्ये टेबलावर मीठ असायचं, मिरी असायची आणि हे असायचं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला होता, "तुझ्या त्या जागेवर मला एकदा न्यायचं राहिलं." आणि तिने, गाढवीण, त्याचा हात हातात घेऊन विषय बदलला होता.

"लायल," ती म्हणाली. "लायलला तरी..."

फ्लॉइडने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "लायलला ही पाहुण्यांची जागा लग्नाआधीपासून ठाऊक होती, इर्मा. केसलरांना सगळ्यांना ठाऊक होती. त्याने आम्हाला दम भरला होता. जो तिला सांगेल त्याची बोट मी बुडवीन, म्हणाला."

हे तिने ऐकलं आणि तिला वाटलं, आता बास, आता काही ऐकायला नको. फ्लॉइडला वाटलं असेल आपण काहीतरी चांगलं सांगितलं. चांगलंच होतं कदाचित. पण तिच्या डोळ्यांसमोर आला तो ताटावर वाकलेला लायल, काटे बाजूला काढणारा, सगळं माहीत असलेला. तो मनात हसत होता का? कीव करत होता का? आता कोणाला विचारणार? चर्चच्या पायऱ्यांवर, हॉइटच्या दुकानात, पोस्टाच्या रांगेत जेवढ्या माणसांनी तिला "काय इर्मा, लागतात का मासे?" असं विचारलं होतं, त्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून तिच्यासमोर आले. ती प्रत्येकाला गूढ हसून म्हणायची, "लागतात थोडे थोडे."

"मला घरी सोड," ती म्हणाली.

क्लेटनने इंजिन बंद केलं. बोट पाण्यावर नुसतीच डुलू लागली. "इर्मे, हिरवळीवर चाळीस माणसं येतायत. डब्यात एक मासा आहे. माझ्या हाताला काही लागत नाही आणि फ्लॉइडचा हात फक्त पाकिटं टाकायच्या कामाचा." तो थांबला. "मी तुला जिन्यावर नेतो. आत्ता. तू ओढ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे म्हातारा असा गेला होता, एकाला जागा देऊन, जिचा हात होता तिला ठेंगा देऊन. आणि तीन वर्षं मासा नाही म्हणून आज तिची आठवण झाली होती.

"ने," ती म्हणाली.

क्लेटन घुटमळला. मान खाजवली. "फक्त एक आहे. जरा पाठ फिरवून बसशील का? पश्चिमेकडे बघू नकोस, खुणा तिकडे आहेत. मी पपांना शब्द दिलाय."

फ्लॉइडसुद्धा म्हणाला, "अरे, लाज बाळग जरा."

"शब्द तो शब्द," क्लेटन म्हणाला. "हिनेही पाळलाच ना इतकी वर्षं?"

त्याला टोचायचं नव्हतं. तो खरोखरच तसं मानत होता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. इर्मा फळीवर गोल फिरली आणि पूर्व किनाऱ्याकडे तोंड करून बसली, पाठ भावाकडे. पण वल्हवणारा माणूस जन्मभर पाठमोराच जातो, हे क्लेटनच्या लक्षात आलं नाही. त्याने आयुष्यात कधी बापासाठी वल्हवलं नव्हतं. सहा वर्षं ती मागे बघत पुढे गेली होती. फरक एवढाच, की तेव्हा बापाच्या हाताकडे बघायचा हुकूम होता. आता समोर कोणाचा हात नव्हता. तिने मान वर केली आणि अख्खा पूर्व किनारा बघून घेतला.

बोट पाऊण मैल गेली. "सोड," क्लेटन म्हणाला. एकटं अक्रोडाचं झाड दफनभूमीच्या लोखंडी फाटकावर येऊन टेकलं होतं आणि तांबडं बोटघर धबधब्याच्या घळीच्या तोंडात नेमकं अर्धं झाकलं गेलं होतं. तिने तार सोडली. शंभर. एकशे दहा. एकशे पंधरा फुटांवर तार तळाशी पोचली. तिने ओढायला सुरुवात केली.

ठक.

दगड. स्वच्छ, कठीण, गाळाचं नाव नाही. तिने मोजलं. एक ओढ, दोन, तीन, चार, पाच.

ठक.

आणि मग काही नाही, पोकळी.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. हात गेलेला नव्हता. हात कधीच गेला नव्हता. भांडी घासून बोटं मठ्ठ झाली नव्हती, लग्नाने झाली नव्हती, वयाने झाली नव्हती. बापाने तिची जागा घेतली ते एक वेळ चाललं असतं. त्याने तिच्या हातावरचा तिचाच भरवसा काढून घेतला होता, स्वतःची थाप झाकायला, आणि ती पंचवीस वर्षं स्वतःच्याच बोटांना दोष देत बसली होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, पण तिने मनातल्या मनात त्याला एक शिवी घातली आणि ती परत घेतली नाही.

तिसऱ्या फेरीत मासा लागला. तार थांबली आणि मग खालून त्याने डोकं झटकलं, जड, सावकाश. तिने घाई केली नाही. हातावर हात टाकत तिने तार वर घेतली. मागे पेटीची स्प्रिंग घरघरत ती गिळत होती. फ्लॉइडने जाळी घातली तेव्हा त्याला दोन्ही हात लावावे लागले. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, बारा पौंडांच्या वर. दुपारपर्यंत असे सात झाले.

"हात तो हात," क्लेटन म्हणत होता. तो लहान पोरासारखा खुलला होता. "आता दरवर्षी यायचं, इर्मे. मी चालवीन, तू ओढ. पपा असते तर काय खूश झाले असते."

"पाठ फिरवून?" तिने विचारलं.

"त्यात काय, सवय होईल," क्लेटन म्हणाला.

धक्क्यावर शनिवारची गर्दी होती. दहा-बारा माणसं बाकांवर बसून बिअर पीत होती. पाद्री होता. हॉइट दारात उभा होता. फ्लॉइडने एकेक ट्राउट वर काढून दाखवले तेव्हा कोणीतरी शीळ घातली. इर्मा सरळ फळ्याकडे गेली आणि खडू उचलला. तिने मोठ्या, शाळेतल्या अक्षरांत लिहिलं: इर्मा केसलर. सात. पहिली पायरी एकशे पंधरा फूट, दुसरी एकशे तीस. पूर्वेला एकटा अक्रोड दफनभूमीच्या फाटकावर घ्या. तांबडं बोटघर धबधब्याच्या घळीत अर्धं झाकलं की तार सोडा. दगडाचा तळ. पाच ओढींवर दुसरी ठक. हा एमेट व्हॅन ॲल्स्टचा जिना.

मागे क्लेटनच्या हातातून बर्फाचा डबा निसटला. तो वाचत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. बाकांवरची माणसं उठून जवळ आली. सगळ्यांनी वाचलं.

मग हॉइट हसायला लागला. पोट धरून हसला. "एमेटची लेक शोभतेस," तो म्हणाला. "अक्रोड काय, फाटक काय, पाच ओढी काय. इतकी बारीक थाप या फळ्यावर तीस वर्षांत कोणी मारली नाही."

"आणि वर बापाचं नाव," पाद्री म्हणाला. "देव बघतोय हं, इर्मा."

सगळे हसले. "आता दातांच्या डॉक्टरला तिकडे पाठवा," कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. क्लेटनने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग त्याला उमगलं, आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसला. तिच्या खांद्यावर थाप मारली. "चल," तो म्हणाला, "बटाटे उकळत असतील. माणसं वाट बघतायत."

"तुम्ही व्हा पुढे," इर्मा म्हणाली.

ती फळ्यासमोरच्या बाकावर बसली. बोटी येत होत्या, जात होत्या. येणारा प्रत्येक जण फळा वाचायचा, तिच्याकडे बघून बोट हलवायचा, हसायचा. ती म्हणायची, खरं आहे ते. तो आणखी हसायचा. एका शाळामास्तराला तिने दंडाला धरून म्हटलं, देवाशपथ खरं आहे, जाऊन बघा. मास्तर म्हणाला, आम्ही काय काल इथे राहायला आलो? आणि त्याने बोट दक्षिणेला, मिठाच्या कारखान्याकडे घेतली. कोणीही, एकही माणूस, उत्तरेला गेला नाही.

सहा वाजता हॉइट ओलं फडकं घेऊन बाहेर आला. दर शनिवारी सहाला फळा पुसला जातो.

"ठेवू का आजचा दिवस?" त्याने विचारलं. "मस्त आहे."

"पूस," इर्मा म्हणाली.